नोंद बाद, कारण मौन

आधी कुठल्या फोनसाठी बनवायचं, यावरून आमच्या धंद्यात जेवढी भांडणं होतात तेवढी भाऊबंदकीत बांधावरूनही होत नसतील. या भांडणांत मी पंधरा वर्षं काढली. माझ्याइतकी न्यायी बाई त्यात दुसरी नाही, अशी माझी समजूत होती. आता नाही. का नाही, ते सांगते. सांगताना मधे मधे स्वतःचीच बाजू घ्यायचा मोह मला होईल, तेव्हा जरा सावध राहून ऐका.

मी त्रिशला चौगुले. माहेर सांगली, नोकरी पुण्यात. सन २०३७मध्ये आमच्या अठरा माणसांच्या कंपनीनं ‘गळसरी’ तयार केली. नाव दागिन्याचं, पण वस्तू साधी. हनुवटीखाली चिकटवायची बोटभर लांबीची, कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ पट्टी. घशाच्या कॅन्सरमध्ये ज्यांचं स्वरयंत्र काढून टाकावं लागतं, त्यांच्यासाठी.

यातलं विज्ञान अवघड नाही. स्वरयंत्र फक्त नाद करतं. त्या नादाचे शब्द करतात ते जीभ, ओठ आणि जबडा. स्वरयंत्र गेलं तरी हे तिघे शाबूत असतात. माणूस बोलायला गेला की जिभेखालचे स्नायू पूर्वीसारखेच हलतात आणि त्यांच्यात अगदी क्षीण वीज खेळते. पट्टी ती वीज टिपते, फोनमधला आमचा प्रोग्रॅम त्यावरून शब्द ओळखतो आणि माणसाचा जुना आवाज ध्वनिमुद्रणावरून शिकून त्याच आवाजात तो शब्द बोलून टाकतो. एकच अट असते, वेळेची. ओठ हलल्यापासून एका सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत आवाज कानावर पडला पाहिजे. त्याहून उशीर झाला की स्वतःचाच उशिरा आलेला आवाज ऐकून जीभ अडखळते. तुमचं-माझंही तसंच होईल, करून बघा कधी.

पहिल्या चाचणीसाठी जुना आवाज कुणाचा घ्यायचा, असा प्रश्न पहिल्या दिवशी आला आणि मी हात वर केला. माझा मामा.

बाळगोंडा मगदूम म्हटलं की सांगलीच्या मार्केट यार्डात आजही माणसं वळून बघतात. चाळीस वर्षं त्यानं हळदीचे सौदे पुकारले. पोत्यांच्या थप्प्यांमधून पुढे मामा, मागे खरेदीदारांचा घोळका, आणि मामाचा आवाज असा की पलीकडच्या गल्लीत गुळाचे सौदे थांबायचे. मग तंबाखूनं आपलं काम केलं. ऑपरेशननंतर मामा पाटीवर लिहून बोलायचा. मी भेटायला गेले तर लिहिलं, ‘जुन्या काळी रुमालाखाली बोटं धरून सौदा करायचे. तवा जन्मलो असतो तर खपून गेलो असतो.’ मी हसले आणि मोरीत जाऊन रडले.

सौद्यांची ध्वनिमुद्रणं यार्डाकडे ढिगानं होती. आमचा प्रोग्रॅम मामाच्या आवाजावर शिकला, मामाच्या हनुवटीवर तपासला गेला. पहिल्या दिवशी पट्टी लावल्यावर तो माझ्याकडे बघून म्हणाला, “त्रिशे, वाळलीस की गं. पुण्यात जेवाय घालत न्हाईत व्हय?” आमच्या ऑफिसातली झाडून सगळी माणसं नाकं पुसत होती.

आता फोनकडे येते. त्या वर्षी जगात फोनचे दोन वंश उरले होते. एक ‘आयव्हरी’. फोनही तेच बनवणार, आतली प्रणालीही त्यांचीच, मॉडेलं मोजून पाच, महाग. दुसरा ‘कॉमन’. प्रणाली खुली, कुणीही उचलावी आणि आपल्या फोनात घालावी. त्यामुळे कॉमनचे फोन सहाशेचाळीस तऱ्हेचे, आणि आवाज बाहेर यायला प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा. आयव्हरीवर गळसरी तीन आठवड्यांत तयार झाली असती. कॉमनवर एकेक मॉडेल घेऊन, मोजून, जुळवून सहा महिने. मामाच्या कॉमन फोनवर ती चालत होती, कारण त्या एका मॉडेलसाठी मी स्वतः रात्रंदिवस खपले होते.

दोन्ही एकदम करायची आमची ताकद नव्हती. आमचा संस्थापक अद्वैत कारखानीस, भला माणूस, त्यानं तोडगा काढला. “आपण भांडायचं नाही. कुणाला गळसरी हवी त्यांची यादी करू. ज्या फोनवाल्यांची संख्या जास्त, त्यांना आधी. लोकच ठरवतील.”

लोकच ठरवतील! ऐकायला किती छान वाटतं.

यादीचा फॉर्म मी बनवला. नाव, गाव, फोन कुठला, एवढंच. खोट्या नोंदी येऊ नयेत म्हणून पडताळणी हवी. आयव्हरीचा फोन आपली ओळख आपणच गुपचूप पटवून देतो, तिथे काही करावं लागत नाही. कॉमनसाठी बाजारात एक तयार सेवा होती, ती मी एका दुपारी जोडून टाकली. फॉर्म भरला की त्या नंबरवर फोन यायचा, आणि बाईचा गोड आवाज सांगायचा : “आपण खरी व्यक्ती असाल तर ‘हो’ म्हणा.” तीन वेळा उत्तर आलं नाही की नोंद बाद.

लक्षात आलं तुमच्या? माझ्या नाही आलं. अठरापैकी कुणाच्याच आलं नाही. ज्यांना आवाज नाही त्यांच्यासाठीचा फॉर्म, आणि भरल्यावर म्हणे ‘हो’ म्हणा. आम्ही तो फॉर्म चांगला पंचवीस वेळा तपासला. प्रत्येकानं एकेका कॉमन फोनवर भरला आणि प्रत्येकजण खणखणीत ‘हो’ म्हणाला.

महिन्याभरानं आकडे आले. आयव्हरी तेवीसशे अठरा, कॉमन दोनशे सत्त्याण्णव. मला जरा नवल वाटलं, पण आवडीचं नवल माणूस फार उकरत नाही.

उकरलं ते फरझाना मुल्लानं. फरझाना आमच्याकडे फोन तपासायची. तिच्या मांडणीवर त्रेचाळीस कॉमन फोन ओळीनं मांडलेले असायचे, प्रत्येकाला टोपणनाव दिलेलं. एप्रिलमध्ये, निर्णयाच्या बैठकीला अर्धा तास असताना ती माझ्या टेबलापाशी आली.

“ताई, बाद झालेल्या नोंदी बघितल्या तुम्ही?”

“खोट्या असतील.”

“नऊ हजार चारशे सहा आहेत. सगळ्या कॉमनच्या. कारण एकच, मौन. ताई, ते ‘हो’ कसं म्हणणार?”

मला ते पाहताक्षणी पटलं. हे मी शपथेवर सांगते. खोटं क्षणभरही वाटलं नाही. नऊ हजार माणसं फोन कानाला लावून बसली होती आणि माझी गोड आवाजाची बाई त्यांना तीनदा विचारून फोन ठेवत होती.

आणि तरीही मी म्हणाले, “बैठक होऊ दे, मग बोलू.”

का म्हणाले? चूक माझी होती, हे एक. सहा महिने त्रेचाळीस फोन घेऊन बसायचा कंटाळा आला होता, हे दुसरं. आणि तिसरं, जे मी वर्षभर स्वतःलासुद्धा सांगितलं नाही. आयव्हरीच्या वार्षिक मेळाव्यात गळसरीला मंचावर बारा मिनिटं मिळणार होती. आपण आधी आयव्हरी घेतलं तर. आणि बोलणार होते मी. त्या बारा मिनिटांसाठी मी आरशासमोर तालीमसुद्धा सुरू केली होती. कसली साडी नेसायची तेही ठरलं होतं. लाज वाटते सांगायला, पण आहे हे असं आहे.

बैठकीत मी तोच तक्ता दाखवला. तेवीसशे अठरा, दोनशे सत्त्याण्णव. अद्वैत म्हणाला, “एवढा फरक? मग प्रश्नच मिटला.” फरझाना कोपऱ्यात बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी पाण्याची बाटली उघडली. नंतर ती पुन्हा त्याबद्दल बोलायला आलीच नाही. दोन महिन्यांनी नोकरी सोडून गेली, जाताना माझ्या टेबलावर पेढे ठेवून गेली. त्या पेढ्यांपेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या.

निर्णय झाला की मागचं आवरून घ्यायचं, अशी आमची रीत. तीन आठवड्यांत आयव्हरीवरची गळसरी तयार झाली आणि कॉमनवरची चाचणीची आवृत्ती बंद केली. तिसऱ्या दिवशी मामाचा निरोप आला, लिहिलेला : ‘पट्टी चालंना. फोन बिघडला का बग.’

मी नवा आयव्हरी घेऊन त्याच रात्रीच्या बसनं सांगलीला गेले. मामानं तो फोन उलटसुलट करून पाहिला, पट्टी लावली, आणि आवाज आल्यावर डोळे मिटून बसला. मामी म्हणाली, “तीन दिवस जेवले न्हाईत बघ धड.”

मग मामानं विचारलं, “त्रिशे, आमच्या मंडळींचं काय झालं गं?”

ही मंडळी म्हणजे मामासारखीच चौदा माणसं. सांगली, मिरज, तासगाव, सगळीकडची. दर गुरुवारी दुपारी यार्डातल्या व्यापारी संघाच्या खोलीत जमायची. पाट्या, वह्या, फोन घेऊन तासभर ‘गप्पा’ मारायची. मामा त्याला मुक्यांची सभा म्हणायचा. फॉर्म आला तेव्हा मामानं चौदांनाही घरी बोलावून, चहा पाजून, भरायला लावला होता. चौदाजणांकडे कॉमनचेच फोन होते.

“एकाचाबी नंबर लागला न्हाई,” मामा म्हणाला. “शरयूबाईनं तीनदा भरला. आमचं काय चुकलं का गं भरताना? आमी आपली अडाणी माणसं.”

इथे मला खरं बोलायला पूर्ण वाव होता. खोलीत मी, मामा आणि मामी, चौथं कुणी नव्हतं.

मी म्हणाले, “हो मामा. भरताना काहीतरी चुकलं असेल.”

“तरी मी म्हनत हुतो,” मामा म्हणाला, “चष्मा लावून भरा म्हनून.”

पुढे माझी बारा मिनिटं झाली, टाळ्या झाल्या, साडीचंही कौतुक झालं. कॉमनचं काम ‘पुढच्या वर्षी’ या खणात जाऊन पडलं. ज्या गोष्टीला मागणी नाही असं आकडे सांगतात, ती काढायची कुणाला घाई असते? आणि आकडे खोटे आहेत हे ज्यांना ठाऊक होतं, त्यातली एक नोकरी सोडून गेली होती आणि दुसरी मी होते.

फेब्रुवारीत हळदीचा नवा हंगाम सुरू झाला. मामानं गळसरी लावून पहिला सौदा पुकारला. यार्डानं फटाके उडवले, वर्तमानपत्रात फोटो आला. आणि मला मामाचा फोन आला, खराखुरा बोलून. “गुरवारी ये. आमची सभा तुजा सत्कार करनार हाय. न्हाई म्हनायचं न्हाई.”

मी दोन वेळा कामाचं कारण सांगितलं. तिसऱ्यांदा मामी फोनवर आली, मग जावं लागलं.

खोलीत चौदा माणसं धुतलेले कपडे घालून बसली होती. टेबलावर तबक, त्यात शाल, नारळ, हळदीकुंकू. फळ्यावर रंगीत खडूनं ‘त्रिशलाताईंचे सहर्ष स्वागत’. मी आत गेले तर सगळे उभे राहिले. एवढी माणसं उभी राहताना फक्त खुर्च्यांचा आवाज होतो, ते मी त्या दिवशी ऐकलं. मी दारातच चप्पल काढत रेंगाळले.

मामा माझी ओळख करून द्यायला लागला, तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका बाई पुढे आल्या. पन्नाशीच्या, गळ्याभोवती स्वच्छ पांढरा रुमाल. शरयू बिडकर. त्यांनी वहीतलं एक पान माझ्या हातात दिलं. वर शीर्षक, खाली वळणदार अक्षर. त्या शाळेत शिक्षिका होत्या हे वाचायला लागताच कळलं.

‘ताई, सत्काराआधी एक शंका. मी फॉर्म तीनदा भरला. कुठे चुकले ते कृपया सांगा, म्हणजे पुढच्या वेळी सुधारेन. (१) नाव, गाव, फोन बरोबर लिहिले. (२) फोन आला. बाई म्हणाल्या, हो म्हणा. (३) मी फोनजवळ स्टीलची वाटी धरून चमच्याने वाजवली. (४) त्या पुन्हा म्हणाल्या, हो म्हणा. मी पुन्हा वाजवली. (५) तिसऱ्यांदाही तेच झाले आणि फोन बंद झाला. दुसऱ्या वेळी घंटा वाजवली. तिसऱ्या वेळी शेजारच्या काकूंना बोलावले होते, पण फोन आला तेव्हा त्या बाजारात गेल्या होत्या. माझे नक्की काय चुकले?’

मी ते पान दोनदा वाचलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, शिक्षिकेनं मुलाकडे बघावं तसं नाही, मुलानं शिक्षिकेकडे बघावं तसं. मामानं शाल उचलली.

“मामा, थांब. शाल नको,” मी म्हणाले. “शरयूबाई, तुमचं काही चुकलं नाही. तुमचं कुणाचंच चुकलं नाही. तो फॉर्म मी केला होता.”

आणि मग मी सगळं सांगितलं. गोड आवाजाची बाई, नऊ हजार चारशे सहा, फरझाना, बैठक, बारा मिनिटं. बैठकीआधीच मला कळलं होतं, हेही सांगितलं. मामाशी खोटं बोलले तेही. बोलताना माझाच आवाज मला नकोसा झाला होता. असा आयता, फुकटचा आवाज, आणि वापरला कशासाठी?

सांगून झालं आणि मी वाट बघत उभी राहिले. कुणीतरी ओरडावं, चार शिव्या घालाव्यात, चालती हो म्हणावं. कुणी काही म्हणालं नाही. म्हणणार कसं? चौदा माणसं माझ्याकडे बघत होती. तिथे शिवी द्यायलाही त्यांना माझ्याच कंपनीची पट्टी हवी होती.

मामानं शाल घडी घालून तबकात ठेवली. मग खुर्ची ओढून मधोमध बसला.

“लिवा,” तो सगळ्यांना म्हणाला. “ज्याला जे म्हनायचंय ते लिवा. मी वाचतो.”

पाट्या, वह्या, फोन एकेक करून पुढे आले. मामानं चष्मा लावला आणि सौदे पुकारायच्या खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. आधी माणसाचं नाव, मग त्याचे शब्द.

“जांभळे कंडक्टर. पोरांना सांगितलं होतं, दिवाळीला तुमच्याशी बोलीन. पोरं अजून विचारतात.”

“बाबूराव गुरव.” बाबूरावांनी एक शिवी लिहिली होती. मामानं तीही वाचली, गाळलेला एकही शब्द नाही. मला तेवढंच बरं वाटलं.

“गुलाब आत्तार. आता करणार का? किती दिवस लागतील?”

“सहा महिने,” मी म्हणाले. “उद्या अद्वैतला सगळं लिहून देते. ते मला ठेवोत न ठेवोत, काम झाल्याशिवाय मी हलणार नाही.”

“गुलाब म्हनतोय, लिवून दे. सही करून.” मी तिथेच, त्याच्याच वहीत लिहून सही केली. मला वाईट वाटलं नाही, त्यांचं बरोबरच होतं.

“सखूबाई माळी. बाई मघापासून उभी आहे, तिला खुर्ची द्या.” हे ऐकल्यावर मात्र मला तोंड लपवावंसं वाटलं.

“शरयू बिडकर. मुलीचं लग्न मार्गशीर्षात झालं. गाडीत बसताना ती मागे वळून बघत होती. मला तिला नावानं हाक मारायची होती.”

मी मनातल्या मनात महिने मोजले. एप्रिल ते ऑक्टोबर, सहा. मार्गशीर्ष त्यानंतर येतो. शरयूबाई खाली बघत होत्या. त्यांना मोजून दाखवायची गरज नव्हती, त्या गणित शिकवायच्या.

चौदाही पाट्या संपल्या. मामानं चष्मा काढून खिशात ठेवला. मी म्हणाले, “मामा, तुझं राहिलं.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी शाळेतून चुकून कुणाची तरी पेन्सिल घेऊन आले तेव्हाही त्यानं असं पाहिलं नव्हतं.

“नंबर लागंना झाले तवा ही मंडळी माज्याकडं आली हुती,” तो म्हणाला. “मी काय म्हनालो ठाऊक हाय? फॉर्मचं काय घेऊन बसलाय? आमची त्रिशी हाय तिथं.”

आवाज सौद्यातल्यासारखाच स्वच्छ आला, जराही न कापता. पट्टी फक्त शब्द ओळखते, रडणं तिला कळत नाही. पण पट्टीच्या वर मामाची हनुवटी थरथरत होती, ती मी बघितली, आणि खोलीतल्या सगळ्यांनी बघितली. मग त्यानं पट्टी काढून टेबलावर ठेवली, आणि शरयूबाईंनी त्याला पाणी आणून दिलं.